कचेरीतील गुंड्याभाऊ

थोर पुरुषांची चरित्रे आपल्या वार्षिकात दरवर्षी येतात व ती यावीतच. मी यंदा ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो मात्र थोर नव्हे आणि कथेचा नायकही नव्हे. तो नायकाच्या शेजारी उभा असतो. त्याच्यावाचून कथानक अडत नाही; पण तो पडद्याआड गेला की प्रेक्षक चुळबूळ करू लागतात व तो पुन्हा केव्हा येतो याची वाट पाहतात. कचेरी, दुकान, कारखाना असे कामाचे ठिकाण घेऊन ज्या विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर होतात, त्यांत असा एक विक्षिप्त व सदा हसतमुख प्राणी बहुधा असतोच. त्याचे नेमके काम काय, हे कोणास सांगता येत नाही. साहेबाचा धाक त्याला नसतो, आणि सर्वांची तोंडे आंबट झालेली असताना हा आपला शीळ घालीत आत येतो.

मराठीत या जातीचा शिरोमणी म्हणजे गुंड्याभाऊ. चिंतामण विनायक जोशी (1892–1963) यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. 'चिमणरावाचे चऱ्हाट' या पुस्तकाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांना आठवत असेल. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते, पुढे त्या संस्थानच्या दफ्तराची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. ज्या गृहस्थाचे दिवस जुन्या कागदांच्या धुळीत गेले त्याने महाराष्ट्राला एवढे हसवावे, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. चिमणराव हा पापभीरू कारकून. गुंड्याभाऊ नात्याने त्याचा भाऊ. व्यायामाने अंग कमावलेला, रोखठोक, भीती म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. चिमणराव विचार करीत बसतो तोवर गुंड्याभाऊ काम उरकून मोकळा होतो, आणि मग त्याने केलेले निस्तरता निस्तरता चिमणरावाच्या नाकी नऊ येतात.

ही जोडी पडद्यावर प्रथम आली ती 'लग्न पहावे करून' (1940) व 'सरकारी पाहुणे' (1942) या बोलपटांत. त्यांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे 1977 च्या सुमारास मुंबई दूरदर्शनने त्यांच्यावर मालिका केली. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होते. मुंबईचे केंद्र 1972 साली सुरू झाले होते खरे, पण त्याच्या लहरी तेव्हा आमच्या जळगावापर्यंत पोहोचत नसत. मी ती मालिका पाहिली ती एका सुटीत गिरगावात मामांकडे गेलो असताना. साऱ्या मजल्यावर एकच यंत्र. मालिकेच्या वेळी त्या बिऱ्हाडाच्या दाराबाहेर वहाणांचा असा ढीग पडे की निघताना आपला जोड सापडणे मुश्किल. प्रभावळकरांचा काटकुळा चिमणराव कोपऱ्यात अंग चोरून उभा राही, आणि कर्व्यांचा गुंड्याभाऊ दारातून आत पाऊल टाकी तोच, त्याने तोंड उघडण्यापूर्वीच, खोलीत हशा पिके. जळगावास परतल्यावर ते सारे भाग मी आळीतील मुलांना अंगविक्षेपांसह सांगितले व त्या जोरावर महिनाभर मोठा मान मिळविला.

बाळ कर्वे यांनी पुढे नाटकांत व चित्रपटांत अनेक भूमिका केल्या. परंतु लोकांनी त्यांना हाक मारली ती गुंड्याभाऊ म्हणूनच. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात, वयाची पंचाण्णव वर्षे पूर्ण झाल्यावर, ते वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनीही त्यांच्या नावाजवळ ते दुसरे नाव छापले. एवढी वर्षे उलटल्यावरही लोकांनी त्यांना त्याच नावाने निरोप दिला. नायकाच्या शेजारी उभे राहणाऱ्याला असे प्रेम मिळते. प्रेमाबरोबर आणखी काय मिळते, हे पाहावयाचे असेल तर मुंबई सोडून धुळ्यास यावे लागेल. तत्पूर्वी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

संस्कृत नाटकांत राजाचा एक मित्र असतो, विदूषक. तो जातीने ब्राह्मण, राजाशी बरोबरीने बोलणारा, खादाड आणि आनंदी. 'मृच्छकटिका'तला मैत्रेय तर चारुदत्ताचे वैभव गेल्यावरही त्याचे घर सोडीत नाही. इतर मित्र पांगतात, हा राहतो. पण नवल असे की, हा ब्राह्मण असूनही नाटककार त्याच्या तोंडी संस्कृत घालीत नाहीत. राजा संस्कृत बोलतो. विदूषक प्राकृत बोलतो, म्हणजे ज्या भाषेत लोक घरी बोलत ती. आमच्याकडच्या तमाशातील गवळणीत कृष्णाचा सवंगडी पेंद्या येतो, तोही असाच बोबडे, गावठी बोलून हसवितो. दरबाराची भाषा ज्याच्या तोंडी नाही तो हसविणारा, हा नियम फार प्राचीन आहे. आजच्या मालिका लक्ष देऊन पाहा. पुष्कळ ठिकाणी नायक शुद्ध मराठी बोलतो, आणि हसविणारा गडी कोठल्या तरी जिल्ह्याची बोली बोलतो. गुंड्याभाऊला हसू येण्यासाठी अशा बोलीची गरज पडली नाही, ही चिं. वि. जोशी यांची थोरवी मी समजतो.

धुळ्यास मी 1981 साली एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. त्या काळी जळगावहून धुळ्यास आगगाडीने जावयाचे म्हणजे चाळीसगावास उतरून शाखागाडीत बसावयाचे. शिरूड, बोरविहीर अशी ठाणी घेत ती अशी सावकाश जाई की खिडकीतून शेतकऱ्यांशी दोन शब्द बोलता यावेत. धुळे शहर पांझरेच्या काठी. जुन्या भागातील गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक, त्यामुळे नवा मनुष्य चुकत नाही असे म्हणतात. आमच्या कचेरीत मात्र नवा मनुष्य पहिल्याच दिवशी चुके, कारण तेथील दफ्तरखान्यात क्रमांक होते पण त्या क्रमांकांच्या जागी ती ती दफ्तरे नव्हती. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हापासून कागद इकडून तिकडे जात होते, असे जुने लोक सांगत. माझ्या मते त्यानंतरच्या हलगर्जीपणाचाही त्यात वाटा होता.

या दफ्तरखान्यात नाना असत. खरे नाव हजेरीपटावर होते, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कोणाच्या कानावर पडत नसे. वय चाळिशीच्या पुढे, अंग सडपातळ, मिशा भरघोस, आणि काखेत बारा महिने छत्री. धुळ्याच्या वैशाखात छत्री समजण्यासारखी आहे, पण नाना ती उन्हात उघडीत नसत. उघडीत ती पावसाळ्यात, आणि तीही दफ्तरखान्याच्या आत. छप्पर जेथे गळे तेथे मांडणीवर ती उघडून ठेवावयाची, म्हणजे खालचे रुमाल कोरडे राहत. ज्या जाड कापडात कागद बांधून ठेवतात त्यास दफ्तरात 'रुमाल' म्हणतात, हे ठाऊक नसलेल्या बालवाचकांसाठी सांगतो. रुमाल कोरडे ठेवून नाना स्वतः भिजत घरी जात. यावर कचेरीत किती विनोद झाले असतील!

रुमालांना त्यांनी स्वभाव दिले होते. साक्रीकडचे हट्टी, शिरपूरचे गुणी, शिंदखेड्याचे दिवसा झोपा काढणारे. ते त्यांच्याशी बोलत, क्वचित रागावतही. सकाळी आल्यावर भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाला रामराम करीत. मधल्या सुटीत कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत काढून सर्वांना वाटीत, आणि जो नको म्हणेल त्याच्या टेबलावर ते आपोआप येऊन बसे. कोणाचा कागद हरवो, किल्ली हरवो, प्रत्यक्ष साहेब जागेवर नसोत, नानांचे उत्तर ठरलेले: "आठे शे ना! कोठे जाई?" म्हणजे, इथेच आहे, जाणार कोठे? हे उत्तर ते अहिराणीत देत, कारण त्यांना दुसरी भाषा बोलता येत नव्हती. समजत सर्व होती. आणि आश्चर्य हे की बहुतेक वेळा ती वस्तू खरोखरच तेथे असे. ज्या कागदाविषयी नोंदवहीत 'आढळ होत नाही' असा शेरा पडलेला असे, तो नाना तास-दोन तासांत दोन बोटांत धरून आणीत.

एकदा साक्रीकडचा एक म्हातारा शेतकरी आला होता. भावांतील वाटणीची जुनी फेरफार नोंद त्याला हवी होती. ती मिळाली नाही तर जमिनीवरचा त्याचा हक्क कोर्टात टिकणार नव्हता. आठ महिने तो हेलपाटे घालीत होता व प्रत्येक वेळी 'पुढच्या सोमवारी या' हे ऐकून परत जात होता. नाना त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. गाव कोणते, शिव कोणाची, आजोबांचे नाव काय, नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, असे अर्धा तास अहिराणीत बोलणे झाले. मग ते उठले आणि भलत्याच तालुक्याच्या मांडणीवरून एक रुमाल खाली घेतला. त्या गावाचे कागद कधी काळी कोणी तेथे घातले होते, हे त्यांना त्या बोलण्यातून उमगले असावे. नोंद निघाली. म्हाताऱ्याने त्यांचे पाय धरावयास वाकावे तो नाना छत्री पुढे करून मागे सरले आणि म्हणाले, "भाऊ, जेवन व्हयनं का?"

पुढे 2001 साली 'ऑफिस ऑफिस' नावाची हिंदी मालिका लागू लागली. पंकज कपूर तीत मुसद्दीलाल नावाचा साधा मनुष्य होत, आणि तो ज्या कचेरीत जाई तेथे तेच तेच लोक निरनिराळ्या खुर्च्यांवर भेटत. दर वेळी दोन मुद्दे मोजून दाखविणारा पटेल, पानाने तोंड भरलेला शुक्ला, आसावरी जोशी यांनी केलेल्या उषाजी. सारेच विक्षिप्त, सारेच खुशीत. मालिका अतिशय चांगली होती आणि मी पोट धरून हसलो. परंतु तेथील खुशी ही कागद अडवून ठेवणाऱ्यांची खुशी आहे. नानांची खुशी कागद शोधून देणाऱ्याची होती. दोन्ही प्रकार एकाच कचेरीत नांदू शकतात, हे मात्र ज्याने कचेरी आतून पाहिली आहे त्यालाच पटेल.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. नाना रोजंदारीवर होते. मी रुजू झालो तेव्हा त्यांची तेथे दहाहून अधिक वर्षे झाली होती. त्यांच्यानंतर आलेले दोघे शिपाई कायम झाले, गणवेश घालू लागले, एकाने सायकल घेतली. नानांचा प्रस्ताव दोनदा वर गेला व दोनदा परत आला. याचे कारण दुष्टपणा नव्हते. नाना आनंदात आहेत, त्यांना काही कमी असणार नाही, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. रडणाऱ्याचा अर्ज आधी निघतो. हसणाऱ्याचा रुमालात राहतो. त्यांच्या पत्नीस दम्याचा विकार होता, औषधासाठी ते दर महिन्यास उसने घेत व फेडीत, ही गोष्ट मला चौथ्या वर्षी कळली, तीही औषधाच्या दुकानदाराकडून.

1986 साली वरच्या कचेरीतून तीन अधिकाऱ्यांची समिती आली. उमेदवारांस एकेक करून बोलावीत होते. मी कागदपत्रे पुरविण्यास खोलीतच उभा होतो. नाना आत आले, छत्री दाराशी ठेवली, नमस्कार केला. मधल्या साहेबांनी विचारले, "तुमच्याकडे काम काय आहे?" नानांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "साहेब, लोकेस्नं दवडेल मी धुंडस." लोकांचे हरवलेले मी शोधतो. याहून नेमके उत्तर त्या कचेरीत कोणास देता आले असते असे मला वाटत नाही. पण तिघेही साहेब बाहेरगावचे. त्यांना शब्द कळला नाही, सूर तेवढा कळला. त्यांतील एकाने तोच सूर काढून वाक्य पुन्हा म्हणून दाखविले. खोली हसली. नानाही हसले, कारण खोली हसते आहे तर हसावे, असा त्यांचा स्वभाव. कागद परत आला तेव्हा त्यावर शेरा होता की, उमेदवाराच्या ठिकाणी पुरेसे गांभीर्य दिसून आले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील पुष्कळांच्या घरी अहिराणी आहे. कोणाच्या घरी लेवा पाटीदारांची बोली, कोणाच्या घरी भिल्लांची वा पावरांची. सकाळी शाळेच्या फाटकाशी ती तुम्ही ठेवून येता व सायंकाळी जाताना उचलून नेता. शाळेची भाषा नीट आलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती आली नसती तर हा लेखही मला लिहिता आला नसता. तथापि जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांनी आपल्या घरच्या बोलीत रचलेली गाणी 1952 साली छापून निघाली तेव्हा ती वाचून कोणी हसले नाही. तशीच आपल्या घरची बोली कचेरीत एखादा शिपाई बोलला की मात्र लोक हसतात. यात बोलीचा गुण किती व बोलणाऱ्याच्या पगाराचा किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमचे हेडक्लार्क मितभाषी गृहस्थ होते. त्यांना कोणी हसताना पाहिले नव्हते, आणि नानांवर तर ते नेहमी डाफरत. शेरा वाचून ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी वही घेतली, तीत दोन रकाने आखले: नोंदवहीप्रमाणे न सापडलेला कागद, व तो नानांनी कोठून काढून दिला. वर्षभर ती वही ते स्वतः भरीत होते. मग तिची नक्कल जोडून त्यांनी तिसरा प्रस्ताव पाठविला. त्यात नानांच्या स्वभावाविषयी एक अक्षर नव्हते. हे मला फार शहाणपणाचे वाटते. स्तुती लिहिली असती तर पुन्हा कोणीतरी हसले असते.

हुकूम 1989 साली निघाला, असे वरून कळले. पण कचेरीत तो येईना. टपाल आले होते, पोच दिलेली होती, आणि कागद गुप्त! आवक-जावक विभागाने दोन दिवस टेबले पालथी घातली. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी नानांना बोलावून केवळ तारीख आणि आवक क्रमांक सांगितला, कागद कशाचा ते सांगितले नाही. नाना म्हणाले, "आठे शे ना! कोठे जाई?" आणि घटकाभराने तो घेऊन आले. नकाशांच्या गुंडाळीत तो अडकला होता. त्यांना अक्षरे लावून लावून वाचता येत. स्वतःचे हजेरीपटावरचे नाव त्यांनी लावून वाचले, पुन्हा एकदा वाचले. सारी कचेरी उभी राहून हसत होती, टाळ्या वाजवीत होती. नाना तेवढे हसत नव्हते. त्यांनी कागद हेडक्लार्कांच्या टेबलावर सरळ करून ठेवला, छत्री काखेत घेतली आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. माझ्या आठवणीत ती त्यांची पहिली रजा.

नाना 1997 साली साठाव्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तिवेतनास किमान दहा वर्षांची सेवा लागते. कायम झाल्यापासून त्यांची आठच भरली होती, आणि रोजंदारीची वर्षे धरली गेली नाहीत. एकरकमी जे मिळावयाचे ते मिळाले. निरोपसमारंभात सर्वांनी त्यांचे विनोद सांगितले. हेडक्लार्क त्यापूर्वीच निवृत्त झाले होते. ते मोहाडीहून मुद्दाम आले, मागच्या बाकावर बसले आणि चहा न घेता गेले.

त्यानंतरही एखादा कागद अडला की कचेरीतून कोणीतरी पोऱ्या सायकलवर नानांकडे जाई, व ते येत. मी त्यांना शेवटचे पाहिले ते अशाच एका पावसाळी दुपारी. छप्पर तोवर दुरुस्त झाले होते. त्यांनी सवयीने वर पाहिले, छत्री मिटलेलीच मांडणीला टेकवली, आणि हवा तो रुमाल काढून दिला. पण लगेच निघाले नाहीत. दफ्तरखान्यात एक नवा तरुण कारकून आला होता, पारोळ्याकडचा. नाना त्याला मांडणीमागून मांडणी दाखवू लागले, कोणता तालुका कोठे घुसला आहे, कोणते कागद कोणाच्या पोटात आहेत. मुलगा प्रथम पुस्तकी मराठीत 'हो जी, हो जी' म्हणत होता. तिसऱ्या मांडणीपाशी त्याने काहीतरी विचारले ते अहिराणीत. दोघांचे बोलणे मग बराच वेळ चालू होते. मी माझ्या टेबलाशी परत आलो तरी मला ते ऐकू येत होते.